वाकण्याची वाटणी

धनुष्याला पाठ असते आणि पोट असते. धनुष्य हातात धरलं की निशाणाकडे असते ती पाठ, आणि धरणाऱ्याकडे असतं ते पोट. दोरी खेचली की पाठीचं लाकूड ताणलं जातं, पोटाचं दाबलं जातं, आणि या दोहोंच्या मधे एक थर असा असतो की त्याला ना ओढ लागते ना दाब. हे सगळं बोटभर जाडीच्या आत चालतं. लाकूड ओढ सोसायला दणकट, दाब सोसायला त्यामानाने हळवं. म्हणून धनुष्य थकतं ते पोटाकडून. पोटाचे तंतू जरा जरा चेपत जातात आणि दोरी उतरवल्यावरही काठी थोडी वाकलेलीच राहते. पाठीचं तसं नाही. ती निमूट सोसत राहते. पण तिचे तंतू कुठे मधेच कापले गेले असतील, तर तिथून ढलपी उचलते आणि एका क्षणात धनुष्याचे दोन तुकडे होतात.

म्हणून लाकडाचं धनुष्य घडवणाऱ्याचा पहिला धडा हा, की पाठीला हत्यार लावायचं नाही. सालीखालचा पहिला थर, झाडाने सगळ्यात शेवटी घातलेला, तो जसाच्या तसा ठेवायचा. तासायचं ते पोटाकडून आणि कडांकडून. काही झाडांत वरचं कोवळं लाकूड काढून आतल्या एकाच वर्षाच्या वलयापर्यंत उतरावं लागतं, आणि मग टोकापासून टोकापर्यंत त्या एका वलयाची हद्द सांभाळावी लागते. माझ्या वाट्याला धामण आली, त्यामुळे तेवढ्या जिकिरीतून मी सुटले.

धामण म्हणजे इथे साप नव्हे, झाड. सह्याद्रीच्या पानझडी रानात ती सगळीकडे दिसते. पाला गुरांना घालतात, आतल्या सालीचा वाख निघतो, आणि लाकडाला अशी लवचीक ताकद असते की कुऱ्हाडीचा दांडा किंवा खांद्यावरची कावड करायची तर जाणता माणूस आधी धामण शोधतो. ‘भावप्रकाशा’त तिला धनुर्वृक्षच म्हटलं आहे. मला मात्र ती ग्रंथांतून भेटली नाही. पेठ तालुक्यात माझ्या मैत्रिणीची शेती आहे. तिथे बांधावरच्या धामणीची एक फांदी वळवाच्या वाऱ्याने खाली आली होती. मनगटापेक्षा जाड, चांगली सरळ, आणि सरपणाला निघालेली. शेतावर वडिलांच्या काळापासून काम पाहणारे एक बाबा आहेत, सत्तरी कधीच ओलांडलेले. दांडे, कावडी, नांगराचे भाग हे सगळं ते स्वतःच्या हाताने करतात. मी त्यांच्याकडे ती फांदी मागितली.

“काय करायची, ताई?” त्यांनी विचारलं.

“धनुष्य.”

त्यांना यात नवल वाटण्याजोगं काही दिसलं नाही. त्यांनी फांदी पायाने फिरवली, एका बाजूला नख लावलं आणि म्हणाले, “मग ही वरची बाजू धरा. आभाळाकडची.”

याचं कारण मला पुढे वाचताना समजलं. फांदी आडवी वाढते तेव्हा तिला सतत स्वतःचं वजन तोलून धरायचं असतं. रुंद पानांच्या झाडांत हे काम वरच्या बाजूचं लाकूड करतं. ते ताण धरूनच वाढतं, त्याची घडणच खालच्या लाकडापेक्षा वेगळी असते. ज्या लाकडाने जन्मभर ओढ सोसली, त्याला धनुष्याची पाठ करायची. बाबांना हे कुणी असं समजावून सांगितलेलं नव्हतं. त्यांनी आयुष्यात जेवढ्या कावडी केल्या, त्यांत हीच बाजू वर ठेवली होती.

माझा भाचा शाळेत असताना तिरंदाजी शिकायचा. आपल्याकडे ‘इंडियन राऊंड’ नावाचा प्रकार आहे. त्यात बांबूचं धनुष्य वापरतात, पन्नास आणि तीस मीटरवर निशाण असतं, आणि महागडी विदेशी सामग्री न परवडणारी कितीतरी मुलं त्याच्यातूनच या खेळात येतात. त्याला सोडायला-आणायला मी मैदानावर जायची. बाकीचे पालक निशाणाकडे बघत. माझी नजर मुलांच्या हातातल्या त्या वाकणाऱ्या काठीवर खिळायची. पूर्ण खेचलेल्या धनुष्यात मोडायला फार थोडं शिल्लक असतं, हे तिथे उभं राहूनही अंगाला जाणवतं. आपल्या पुराणांत धनुष्यांना नावं आहेत: पिनाक, शार्ङ्ग, गांडीव, कोदंड. ती कुणी उचलली, कुणी मोडली, कुणी पेलली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ती कुणी तासली, कुठल्या झाडाची होती, तासणाऱ्याने वाकण कशी पारखली, हे सांगणारी गोष्ट माझ्या तरी ऐकण्यात आली नाही. मला ती गोष्ट हवी होती.

फांदी ओली होती आणि पावसाळा तोंडावर होता, त्यामुळे झाडात रस चढलेला होता. अशा दिवसांत साल हाताने सुटते. बाबांनी कोयत्याच्या टोकाने एक उभी चीर दिली, बोटं आत घातली आणि ओढत गेले. साल लांबच लांब पट्ट्यांनी निघाली, आणि खालून जे लाकूड वर आलं ते ओलं, पिवळसर पांढरं आणि विलक्षण गुळगुळीत होतं. त्याला अजून हवा लागली नव्हती. मी तळहात फिरवला तर थंड लागलं. “याला आता पाजलेलं काही लावायचं नाही,” बाबा म्हणाले. सालीचे पट्टे त्यांनी वाया जाऊ दिले नाहीत. ओढ्यात भिजत घालायला घेऊन गेले.

मग फांदी उभी फोडली. करवतीने कापायची नाही, पाचरी ठोकून फोडायची. कारण करवत आपल्या मनाप्रमाणे सरळ जाते आणि तंतू कापते, तर पाचर तंतू नेईल तिकडे जाते. लाकूड आत कसं वाढलंय हे पाचरच दाखवते. आमच्या फांदीने मधे हलकंसं वळण घेतलं होतं. धनुष्याची मधली रेघ मी सुताने सरळ पाडायला गेले, तेव्हा बाबांनी सूत माझ्या हातातून घेतलं आणि लाकडाबरोबर वळवून धरलं. पहिल्या दिवसापासून ते धनुष्य जरा नागमोडी आहे, आणि ते तसंच असायला हवं.

वाळवण्याचं काम कंटाळवाणं असतं म्हणून त्यावर फार लिहीत नाही. दोन्ही टोकांना फेविकॉलचे जाड हात दिले, कारण लाकडातलं पाणी कापलेल्या टोकांतून कितीतरी वेगाने उडतं आणि तिथूनच चिरा पडायला लागतात. अर्धगोल फळी एका सरळ वाशाला बांधून नाशिकच्या घरी माळ्यावर ठेवली. मधून मधून वजन करत राहिले. वजन उतरायचं थांबलं की लाकूड आसपासच्या हवेइतकं कोरडं झालं. पावसाळा सरला, थंडी गेली, आणि फाल्गुनात जेव्हा नाशिकची हवा ओठ फोडते तेव्हा मी फळी खाली काढली. ओल्या लाकडाचं धनुष्य वाकतं छान, पण परत उलगडत नाही.

पुढचं काम वाकस, रंधा, कानस या क्रमाने होतं. लांबी साडेपाच फूट ठेवली. हात पूर्ण मागे नेल्यावर माझी खेच जितकी होते त्याच्या दुपटीहून थोडी जास्त. मुठीपाशी जाड, तिथून रुंद चपटे बाहू, आणि टोकांकडे निमुळते. एका बाहूत एक गाठ होती. गाठीच्या भोवतीचे तंतू ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालून जातं तसे दोन्हीकडून जातात. ते कापायचे नाहीत, म्हणून गाठीच्या आसपास थोडं जास्त लाकूड राखावं लागतं. तिथे बाहूची कड आजही बाहेर फुगलेली आहे. हात फिरवताना ती जागा लागते.

इथपर्यंतचं काम कुठलाही बरा सुतार करील. त्यानंतर जे येतं ते वेगळं आहे, आणि त्याच्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले.

काठीचा आकार धनुष्याचा झाला तरी ती अजून काठीच असते. तिला वाकायला शिकवावं लागतं. सुरुवातीला एक टोक जमिनीवर टेकवून मुठीवर तळहाताने दाब द्यायचा आणि बाहू कुठे लवतो ते बघायचं. मग धनुष्य उलटं करून दुसरा बाहू. हे बरंचसं तळहातालाच कळतं. दोन्ही बाहू थोडे लवू लागले की टोकांना खाचा घालायच्या आणि सैल, लांब दोरी लावायची. पडवीच्या भिंतीवर मुठीच्या उंचीला मी एक भक्कम खुंटी ठोकली, खाली कप्पी लावली. मूठ खुंटीवर टेकवायची, दोरीला हूक अडकवायचा, हुकाचा दोर कप्पीतून घेऊन आपण लांब उभं राहायचं आणि ओढायचं. भिंतीवर कोळशाने आडव्या रेघा मारून ठेवल्या होत्या. त्या रेघांसमोर दोन्ही बाहू पंखांसारखे खाली येताना दिसतात, आणि कोणता बाहू आळस करतोय ते लगेच उघडं पडतं.

मधे लटकता काटा लावायचा. मला पंधरा किलोचं धनुष्य हवं होतं. नियम असा, की काम कुठल्याही टप्प्यावर असो, पंधरा किलोच्या वर एकदाही ओढायचं नाही. धनुष्य अजून जाड आहे, वीतभरच वाकतंय आणि काटा पंधरावर गेला, तर तिथेच थांबायचं. थोडं लाकूड काढायचं, थोडं आणखी वाकेल. असं करत करत एक दिवस तेच पंधरा किलो अठ्ठावीस इंचांवर यावेत. या नियमामागे साधं कारण आहे: लाकडाला ज्या कामासाठी घडवायचं त्याहून जास्त ताण घडवतानाच दिला, तर ते चेपलेलंच जन्माला येतं.

आणि लाकूड काढायचं ते किती? याचं गणित मला कळलं तेव्हा अंगावर काटा आला. बाहूची रुंदी दहा टक्क्यांनी कमी केली तर ताठपणा दहा टक्क्यांनी उतरतो. जाडीचं तसं नाही. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. दहा मिलिमीटरचा बाहू नऊ मिलिमीटर झाला की सत्तावीस टक्के ताठपणा गेला. एक मिलिमीटर! कानशीचे मोजके हात. म्हणून शेवटच्या टप्प्यात कानसही बाजूला ठेवतात आणि काचेच्या तुकड्याने खरवडतात, आपले जुने सुतार मेजाचा पृष्ठभाग साफ करायला खरवडायचे तसंच. काचेखालून निघतो तो भुसा नव्हे. कांद्याच्या पापुद्र्यासारखा किस निघतो, तो उजेडात धरला तर पलीकडचं दिसतं.

भिंतीवर पहिल्यांदा पुरेसं खाली ओढलं तेव्हा डावा बाहू सुंदर वळला. उजव्याने मुठीजवळ, वीतभर जागेत, सगळं वाकणं एकट्याने अंगावर घेतलं आणि पुढचा भाग फूटभर सरळ राहिला. बाबा त्या दिवशी मैत्रिणीबरोबर नाशिकला आले होते, पडवीत खुर्चीवर बसून बघत होते. मी धनुष्य खाली काढलं, काच उचलली, आणि माझं सगळं लक्ष त्या वाकणाऱ्या जागेवर होतं. दोष दिसतो तिथेच हात जातो.

“ताई, वाकतंय तिथं हात लावू नका,” बाबा म्हणाले. “ते बिचारं काम करतंय. जे ताठ बसलंय त्याला बघा.”

त्या दुबळ्या जागेचं काय करावं? तिथे लाकूड भरता येत नाही. तिथलं खरवडलं तर ती आणखी दुबळी होणार. तशीच सोडून दिली आणि धनुष्य खेचत राहिलं, तर तीच जागा पुन्हा पुन्हा वाकणार, तिच्या पोटाचे तंतू चेपणार, चेपले की ती आणखी सहज वाकणार, आणि मग उरलेल्या लाकडाने वाकण्याचं कारणच उरणार नाही. वाकणाऱ्यावर वाकणं साचत जातं. त्या जागेला हात न लावता तिला वाचवण्याचा एकच रस्ता आहे. तिच्या पुढे जे फूटभर लाकूड ताठ बसलंय, त्याचा ताठा उतरवायचा. तिथून एक एक पापुद्रा काढत जायचं, मधे मधे धनुष्य हलकं हलकं ओढत राहायचं, कारण काढलेलं लाकूड लगेच परिणाम दाखवत नाही; तंतूंना नवी परिस्थिती कळायला पंधरा-वीस हेलकावे लागतात. आणि मग एका वेळी बघता बघता दिसतं की ताठ भाग लवायला लागला, आणि मुठीजवळची ती जागा, जिला आपण स्पर्शही केलेला नाही, ती मोकळी झाली. तिच्यावरचा कोन बोथट झाला. ओझं पुढे वाटलं गेलं.

मी हे भिंतीवर घडताना पाहिलं आणि मला आमच्या थोरल्या काकूची आठवण झाली.

आमचं एकत्र कुटुंब होतं. घरात बारा-पंधरा माणसं, आलं-गेलं, सणवार, आजारपणं, आणि या सगळ्याचं वाकणं एका बाईच्या अंगावर. घरातले लोक वाईट नव्हते. तिचे हाल सगळ्यांना दिसत आणि सगळ्यांना कळवळा येई. कुणी तिला बाम आणून देई, कुणी “जरा पडा, वहिनी” म्हणे. एकदा तिला काशीयात्रेलाही पाठवलं. दिसणारा प्रत्येक उपाय तिच्यावरच होत होता. जेवण झाल्यावर आपलं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवावं, असं मात्र त्या घरातल्या एकाही पुरुषाला कधी वाटलं नाही. तिथला एक पापुद्रा जरी निघाला असता, तरी काकूला काही न करता ती मोकळी झाली असती. काकूची कंबर शेवटी कायमची वाकली. ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली. घरातल्यांचं तिच्यावर प्रेम होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन, आणि त्या प्रेमाने तिचा भार गुंजभरही हलका झाला नाही, हेही तितकंच खरं.

धनुष्याचं काम करताना असे विचार येतात, कारण वेळ भरपूर असतो आणि हात गुंतलेले असतात.

या कामात सारखं एक माणूस माझ्या डोळ्यांपुढे असे. 1991 च्या सप्टेंबरात आल्प्सच्या ओट्झटाल भागात, इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवर, बर्फातून एक मृतदेह वर आला. तो सुमारे पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीचा निघाला. त्या माणसाला आता जग ओट्झी म्हणून ओळखतं. त्याच्या सामानात यू नावाच्या झाडाचं एक धनुष्य होतं, 1.82 मीटर लांब, म्हणजे त्याच्या स्वतःच्या उंचीहून चांगलं वीतभर जास्त. भात्यात चौदा बाण होते, त्यांतले दोनच पूर्ण झालेले. आणि धनुष्य? बहुतेक अभ्यासकांच्या मते तेही अपुरं होतं. त्याच्यावर तासल्याचे वार जसेच्या तसे आहेत, दोरी अडकवायला खाच नाही, ते गुळगुळीत केलेलं नाही. 2001 मध्ये क्ष-किरण तपासणीत त्याच्या डाव्या खांद्यात गारेचं बाणाग्र रुतलेलं सापडलं. कुणाच्या तरी पूर्ण झालेल्या धनुष्यातून सुटलेला तो बाण होता.

त्या धनुष्याची छायाचित्रं मी पुष्कळ वेळ बघितली आहेत. लोकांना त्यात खून दिसतो, पुराणकाळ दिसतो. मला ते कुऱ्हाडीचे वार ओळखीचे वाटतात. पोटाकडची बाजू अजून जाड आहे. वाकण्याचं काम सुरू व्हायचं होतं. आपल्याला हवी तशी काठी निवडणं, फोडणं, आकार देणं, इथपर्यंत तो आला होता. यापुढे त्याला शांत बसून बघायला वेळ हवा होता, आणि तेवढाच त्याच्याकडे नव्हता.

दुसरा माणूस कॅलिफोर्नियाचा. 1911 मध्ये ऑरोव्हिल गावाजवळ ‘याही’ नावाच्या जमातीचा अखेरचा माणूस एकटा बाहेर आला. त्याचे सगळे लोक संपलेले होते. त्याने आपलं नाव सांगितलं नाही. त्याच्याच भाषेतला ‘माणूस’ या अर्थाचा शब्द, इशी, हे त्याचं नाव झालं. विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याला ठेवलं. तिथे सॅक्सटन पोप नावाचा एक डॉक्टर त्याच्यावर उपचार करू लागला आणि त्याच्याकडून धनुष्य करायला शिकला. इशी जुनिपरच्या लाकडाचं धनुष्य करी आणि पाठीवर हरणाचे स्नायू चिकटवी. 1916 मध्ये क्षयाने इशी गेला. पोपने पुढे 1923 मध्ये शिकार आणि धनुष्यावर पुस्तक लिहिलं, आणि अमेरिकेत हाताने धनुष्य करण्याची जी आवड आज आहे तिची एक मोठी मुळी त्या दोघांच्या मैत्रीत आहे. एक माणूस सगळं गमावून आलेला, दुसरा पाटी कोरी घेऊन आलेला, आणि मधे एक लाकूड. इशी गेला तेव्हा ती विद्या त्याच्याबरोबर गेली नाही, या गोष्टीने मला फार बरं वाटतं. बाबांच्या मुलांपैकी कुणी दांडे करत नाही. बाजारात प्लास्टिकच्या मुठीचे मिळतात.

दोरीचा प्रश्न उरला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाचं एक प्रकरण आहे. त्यात धनुष्य कशाकशाचं करावं ते सांगितलं आहे: ताड, बांबू, लाकूड, शिंग. आणि दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, गवेधू नावाचं गवत, वेळू आणि प्राण्यांचे स्नायू. म्हणजे मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ घालतो, तिच्या खोडाचा वाख धनुष्याच्या दोरीला चालत होता. आणि वेळूची दोरी तर अजूनही आहे. सातपुड्यातल्या भिल्लांचं धनुष्य बांबूचं असतं आणि त्याची दोरी म्हणजे बांबूचीच पातळ, चिवट पट्टी. काठीही तीच, दोरीही तीच. एकाच बेटातून उभं राहिलेलं शस्त्र.

मी ताग घेतला. शेतात हिरवळीच्या खतासाठी पेरतात तोच. दोन पेडांची दोरी वळायची: प्रत्येक पेडाला एकीकडे पीळ द्यायचा आणि दोघांना मिळून उलटीकडे. पीळ सुटायला बघतो तसतसा तो दुसऱ्या पेडाला घट्ट करतो. बाबा मांडीवर तळहाताने फरकन वळत होते. माझी मांडी लाल झाली तरी दोरी हातभरच झाली. मग मधमाशीचं मेण चोळलं, वर फास घातला, खाली गाठ. मूठ मिटून अंगठा ताठ उभा केला की जेवढी उंची होते, तेवढं अंतर चढवलेली दोरी आणि मूठ यांच्यात असावं लागतं. चढवलेली दोरी बोटाने छेडली तर नाद येतो. त्याला टंकार म्हणायला माझी हरकत नाही.

पंधरा किलो ठरवले होते. पूर्ण खेचल्यावर काटा साडेतेरावर आला. पोटाने थोडी चेप घेतली, दोरी उतरवल्यावर टोकं दोन बोटं मागे राहतात. लाकडाच्या पहिल्या धनुष्याला हे शोभतं. त्या दीड किलोचा मी हिशेब केला आहे. ते उजव्या बाहूच्या दुबळ्या जागेला वाचवताना आजूबाजूने काढावे लागले. ते गेले म्हणून ती जागा शाबूत आहे. तिच्या पोटावर भिंगाने पाहिलं तरी एकही आडवी सुरकुती नाही. चेपलेल्या लाकडावर ती आधी उमटते.

भाच्याचे जुने लाकडी बाण होते. मैत्रिणीच्या शेतावर भाताच्या पेंढ्यांचा भारा बांधून त्याच्यावर सोडले. पहिला बाण सोडताना मी श्वास धरला नव्हता, उलट मोठ्याने आकडे मोजत होते, कारण खेच पूर्ण झाल्यावर धनुष्य उगाच धरून ठेवू नये, असं बाबांनी बजावलं होतं. दोरी सुटली तेव्हा मुठीत एक धक्का बसला. तो पुढे टोकं आणखी बारीक केल्यावर पुष्कळ कमी झाला. टोकाचं लाकूड सगळ्यात जास्त अंतर धावतं, म्हणून तिथलं वजन सगळ्यात जड पडतं. बाण पेंढ्यात जवळजवळ पिसापर्यंत गेला. बाबांनी धनुष्य मागून घेतलं, एकदा खेचलं, न सोडता हळूच सैल केलं, आणि अंगठा पोटावरून मुठीपासून टोकापर्यंत फिरवत नेला. उजव्या बाहूच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात त्यांचा अंगठा थांबला.

“इथं अजून थोडं बसलंय,” ते म्हणाले.

मीही नंतर भिंतीवर बघितलं. बसलंय खरं, अगदी केसभर. सध्या भाद्रपद आहे, हवेत पाणी आहे, लाकडाने ते ओढून घेतलंय आणि काटा बारापर्यंतच जातो. अशा दिवसांत काच लावली तर अंदाज चुकतो. दोरी उतरवून धनुष्य आडवं ठेवलंय. दिवाळी झाली, हवा कोरडी पडली की पुन्हा काट्याला लावीन, आणि त्या वीतभर जागेतून चार-पाच पापुद्रे काढीन.